मूर्ती फोडणाऱ्या गिदोनाने शेवटी मूर्तीच का घडवली?

खडूफळा, रात्री ९:४०

शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून मराठी बायबल आणलंय. महिनाभर जुना करार वाचतोय. उत्पत्ती आणि निर्गम नीट वाचलं, मधले नियम-कायदे (खरं सांगतो) नुसते चाळले आणि 'शास्ते' नावाच्या पुस्तकात येऊन अडकलो.

पुस्तकाचा साचा सुरुवातीलाच सांगून टाकलाय. लोक परमेश्वराला सोडून बाल आणि अष्टारोथ या कनानी देवांच्या नादी लागतात. तो संतापतो आणि त्यांना शत्रूच्या हाती 'विकतो'. मग हे टाहो फोडतात, तो कुणीतरी सोडवणारा, म्हणजे शास्ता, उभा करतो, काही वर्षं बरी जातात. तो माणूस मेला की पहिले पाढे पंचावन्न.

यातला गिदोन डोक्यातून जात नाहीये. सात वर्षं पीक हाताशी आलं की मिद्यानी उंटांवरून टोळधाडीसारखे येतात. म्हणून हा बाबा गहू खळ्यावर न मळता द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून झोडतोय, आणि देवदूत येऊन म्हणतो, 'हे बलवान वीरा'! पहिली कामगिरी काय, तर स्वतःच्या बापाने, योवाशने, उभारलेली बालची वेदी पाडायची आणि शेजारचा अशेरा देवीचा खांब तोडून त्याच लाकडावर बैल अर्पण करायचा. गडी दहा नोकर घेऊन जातो, पण रात्री. घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटते म्हणून.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. ३२,००० मधले घाबरट परत पाठवून १०,००० उरले, त्यातून पाणी पिण्याच्या पद्धतीवरून ३०० निवडले. मडक्यात लपवलेल्या मशाली आणि रणशिंगांच्या जोरावर मिद्यान्यांची दाणादाण उडवली. लोक म्हणाले, आमचा राजा हो. हा म्हणाला, मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील. इथे पुस्तक मिटलं असतं तर मी धागा काढलाच नसता. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, लुटीतली कानातली तेवढी द्या मला. १७०० शेकेल सोनं जमतं. त्याचं तो 'एफोद' (एरवी याजकाचा पोशाख) करतो, स्वतःच्या गावात, अफ्र्यात ठेवतो, आणि सगळं इस्राएल तिथे जाऊन त्यालाच भजायला लागतं.

बापाची वेदी पाडणाऱ्या माणसाने हे का केलं? आणि लोकांना सोडवायला देवाला दर वेळी असलीच माणसं का मिळतात?

ढ_विद्यार्थी, रात्री ९:५२

'पहिले पाढे पंचावन्न' हे त्या पुस्तकाचं उपशीर्षक म्हणून छापायला हवं. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नगरी_जॉन, रात्री १०:१५

खडूफळा, आमच्या संडे स्कूलमध्ये गिदोन म्हणजे ३०० शिपाई आणि मडकी, बास. दर वर्षी नाटुकलं व्हायचं. बाजारातून छोटी मडकी आणायची, आत बॅटरी लावून ठेवायची, बाईंनी खूण केली की आपटायची. एका वर्षी मी मिद्यानी होतो, पळताना खापरीवर पाय पडला. ती खूण अजून आहे. पण एफोदपर्यंत बाईंनी आम्हाला कधी नेलंच नाही. मी तो भाग विशीत स्वतः वाचला, तेव्हा तुमच्यासारखाच चक्रावलो होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. चांगली माणसं शिल्लकच नव्हती. एहूद कपटाने खून करतो, इफ्ताह टोळीवाला, शमशोन बाईच्या मागे. देवाने त्यांना वापरलं म्हणून ते संत झाले, असं पुस्तक म्हणत नाही.

अश्दोदकर, रात्री १०:४८ (इथे वेळ वेगळी आहे, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या)

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. जन्म ठाण्याचा, आता बरीच वर्षं अश्दोदमध्ये. हे अश्दोद म्हणजे पलिष्ट्यांच्या पाच नगरांपैकी एक. त्यांच्या दागोन देवाचं देऊळ होतं ते गाव हेच. म्हणजे या धाग्यात मी शत्रूच्या गोटातून लिहितोय.

दोन गमती सांगतो. 'शास्ते' म्हणजे हिब्रूत 'शोफतीम', एकवचन 'शोफेत'. हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. कोर्टातला न्यायाधीश तर शोफेतच, पण फुटबॉलचा पंचही शोफेत. माझा नातू मॅच बघताना शोफेतला ज्या शिव्या घालतो त्या ऐकल्या तर शमशोनही लाजेल.

दुसरी, 'बाल'. आजच्या हिब्रूत 'बाअल' म्हणजे मालक आणि नवराही. बायको नवऱ्याबद्दल बोलताना 'बाअली' म्हणते. संदेष्टा होशेयच्या पुस्तकात देव इस्राएलला म्हणतो की तो दिवस येईल तेव्हा तू मला 'ईशी' (माझा पुरुष) म्हणशील, 'बाअली' म्हणणार नाहीस. म्हणजे लोक परमेश्वरालाच 'बाल' म्हणत असणार, त्याशिवाय हे सांगायची गरज पडली नसती.

नीलकांती, रात्री ११:०३

अय्या! म्हणजे आपलं 'आमचे मालक बाहेर गेलेत' अगदी तेच की. माझ्या सासूबाई जन्मभर 'मालक'च म्हणाल्या.

ढ_विद्यार्थी, रात्री ११:०५

आणि मालकांनी जन्मभर घरात वेदी पाडली नाही, की गहू झोडला नाही. :)

रानवाटा, रात्री ११:४०

अश्दोदकरांच्या मुद्द्याला पुरातत्त्वाची जोड देतो. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा इथे १९२९ पासून उत्खनन झालं, तिथे उगारित हे जुनं नगर निघालं. मातीच्या पाट्यांवर बालच्या कथाच्या कथा सापडल्या. बाल म्हणजे मेघांवर स्वार होणारा, पाऊस पाडणारा देव. त्याच्या एका मुलीचं नाव तल्लय, म्हणजे दंव.

आता गिदोनाची परीक्षा पुन्हा वाचा. खळ्यावर लोकर ठेवतो. पहिल्या रात्री लोकर भिजू दे, भुई कोरडी राहू दे. दुसऱ्या रात्री उलट. लोक याला गिदोनाचा अविश्वास म्हणतात. मला वाटतं तो चाचपून बघतोय की बालच्या खात्यातलं दंव या नव्या मालकाच्या हुकमात आहे का. वेदी पाडून झाली होती, पण डोक्यातलं खातेवाटप तसंच होतं.

आणि हे समजण्यासारखं आहे. इजिप्तला नाईल होती. कनानच्या डोंगरात सगळं कोरडवाहू, आभाळाकडे बघून केलेली शेती. रानातून आलेला, वाळवंटात वाट दाखवणारा देव पेरणीचं काय ते बघेल का, ही शंका शेतकऱ्याला येणारच. शोमरोनच्या डोंगराळ भागात एका टेकडीवर इ.स.पू. १२व्या शतकातला कांस्याचा बैल सापडलाय, वीतभरही नाही. बैल हे बालचंही प्रतीक. आणि सिनायमधल्या कुंतिल्लत अजरूद इथे १९७५-७६च्या उत्खननात रांजणावर लिहिलेलं मिळालं, 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा' (याहवे हे परमेश्वराचंच नाव). ते साधारण इ.स.पू. ८०० चं. म्हणजे गिदोनानंतर दोन-तीनशे वर्षांनीही लोक दोघांना एकाच ओळीत बसवत होते.

अवांतर: लाखीशजवळ खिर्बत अर-राय इथे सापडलेल्या एका छोट्या सुरईच्या तुकड्यावर शाईने 'यरुब्बाल' लिहिलंय, काळ इ.स.पू. ११०० च्या आसपास. २०२१ मध्ये जाहीर झालं. वेदी पाडल्यावर गिदोनाला मिळालेलं नाव हेच. पण सुरई त्याचीच असं कुणी म्हणू नये, नाव इतरांचंही असू शकतं.

तर्कटी, रात्री १२:२०

सगळं छान, पण मूळ गोष्टीकडे कुणी बघत नाहीये. हे पुस्तक घटना घडताना कुणी लिहिलेलं नाही. १८व्या अध्यायात 'देश बंदिवासात जाईपर्यंत' असे शब्द आहेत. म्हणजे लिहिणाऱ्याला देशोधडीला लागणं माहीत होतं. इ.स.पू. ५८७-८६ मध्ये यरुशलेम जळाल्यावर 'आपल्यावर हे का ओढवलं' याचं उत्तर शोधणाऱ्यांनी जुन्या टोळीकथांना हा साचा घातला: मूर्ती, कोप, टाहो, सुटका. जिंकलात तर देवाची दया, हरलात तर तुमचं पाप. असा सिद्धांत कधी चुकूच शकत नाही, म्हणून मला तो पटत नाही.

नगरी_जॉन, सकाळी ७:१०

तर्कटी, साचा नंतर घातला हे मान्य. आमच्या पाळकांनाही मान्य होतं, ते उपदेशात सांगायचे. पण १०वा अध्याय वाचा. लोक टाहो फोडतात तेव्हा देव चक्क नाही म्हणतो. तुम्ही जे देव निवडलेत त्यांच्याकडे जा, त्यांनाच सोडवू द्या. मग लोक परके देव टाकून देतात, आणि पुढे लिहिलंय की इस्राएलचे हाल त्याच्या जिवाला सोसवेनात. साचाच हवा असता तर हे कशाला लिहिलं असतं?

आणखी एक. शमशोनाच्या वेळी लोक टाहोच फोडत नाहीत! ४० वर्षं पलिष्ट्यांखाली आहेत आणि सवय झालीय. यहूदाचे ३,००० लोक येऊन उलट शमशोनालाच झापतात, पलिष्टी आपले राज्यकर्ते आहेत हे तुला कळत नाही का? आणि त्याला दोरांनी बांधून शत्रूच्या हवाली करतात. साचा लेखकाने स्वतःच मोडलाय.

तर्कटी, सकाळी ९:३५

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. विचार करतो. (हरलो असं लिहीत नाहीये.)

नीलकांती, दुपारी १:२०

पुरुषमंडळी मिद्यान्यांत रमलीत, मला इफ्ताहाच्या मुलीबद्दल बोलायचंय. वेश्येचा मुलगा म्हणून भावांनी घराबाहेर काढलेला इफ्ताह. अम्मोनी चालून आले तेव्हा तेच गिलादचे वडीलधारे पाय धरायला येतात. हा सौदा करतो. मग नवस बोलतो: जिंकून परतलो तर घराच्या दारातून जे सामोरं येईल ते होमात अर्पण करीन. सामोरी येते एकुलती एक मुलगी, डफ घेऊन, नाचत. आणि हा काय म्हणतो? 'हाय हाय पोरी, तू मला खाली पाडलंस.' तू! ती दोन महिने मागते, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाते, आपल्या कौमार्यासाठी रडते आणि परत येते. परत येते, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

याच पुस्तकातल्या याएलीचं नाव आहे, दबोराचं आहे, हिचं नाव नाही. आणि हे कुठल्याही बालसाठी नव्हतं, परमेश्वरासाठी होतं. मग मूर्तिपूजा नेमकी कशाला म्हणायची?

अश्दोदकर, दुपारी ३:०५

नीलकांतीताई, सिनेगॉगमध्ये एका शब्बाथला इफ्ताहाची गोष्ट वाचतात, पण ११व्या अध्यायाच्या ३३व्या ओवीवर थांबतात. नवस वाचतात, विजय वाचतात. ३४व्या ओवीत मुलगी दारात येते, ती वाचत नाहीत. जॉनच्या बाईंसारखंच.

पण आमच्या जुन्या रब्बींनी इफ्ताहाला सोडलेलं नाही. मिद्राशात (रब्बींच्या जुन्या भाष्यात) आहे की मुख्य याजक फिनहास त्याचा नवस मोडून देऊ शकला असता. फिनहास म्हणाला, मी याजक, मी त्या अडाण्याकडे जाऊ? इफ्ताह म्हणाला, मी सेनापती, मी त्याच्याकडे जाऊ? दोघांच्या मानापमानात पोर गेली. शिक्षा दोघांना झाली. मूळ हिब्रूत इफ्ताहाला 'गिलादच्या नगरांत' पुरलं असं अनेकवचन आहे. रब्बी म्हणतात, त्याचे अवयव गळून एकेक गावात पडले.

किमखीसारखे मध्ययुगीन टीकाकार मात्र म्हणतात की तिला मारलं नाही, एकांतात ठेवलं. मला ते पटत नाही, पण असं वाटून घेणाऱ्या बापांचं मी समजू शकतो.

रानवाटा, दुपारी ४:३०

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या २७व्या अध्यायात नवस बोललेल्या माणसाला सोडवायचे दर आहेत. ५ ते २० वर्षांच्या मुलीसाठी १० शेकेल चांदी. हा नियम होमाच्या नवसाला लागू होता का यावर वाद घालता येईल. पण त्याच शास्ते पुस्तकात मीखा नावाचा माणूस घरच्या मूर्तीसाठी लेवी पुजारी ठेवतो, त्याचा वर्षाचा पगार किती? १० रुपे (चांदीचे तुकडे), वर कपडे आणि जेवण. पोरीच्या जिवाचा दर आणि घरगुती पुजाऱ्याचा पगार, आकडा एकच.

ढ_विद्यार्थी, दुपारी ४:४१

मीखा म्हणजे तोच ना, आईचे ११०० रुपे चोरतो, शाप ऐकून परत करतो, आणि आई खुशीने त्यातल्या २०० ची मूर्ती करते? आणि मग दान वंशाचे ६०० हत्यारबंद लोक मूर्ती आणि पुजारी दोन्ही उचलून नेतात, हा मागे धावतो, ते विचारतात 'तुला झालं तरी काय?' आणि हा म्हणतो 'मी केलेले देव तुम्ही नेलेत, वर विचारता काय झालं!' भर बसमध्ये फस्सकन हसलो होतो.

अश्दोदकर, संध्याकाळी ५:१५

हसा, पण त्या लेवी पुजाऱ्याचं नाव शेवटी सांगितलंय: योनाथान, गेर्षोमाचा मुलगा, आणि आजोबा... मोशे. ज्याने इजिप्तमधून सोडवून आणलं त्या प्रत्यक्ष मोशेचा वंशज मूर्तीचा पगारी पुजारी! हे नकलनवीसांना सोसेना. त्यांनी नावात एक 'नून' अक्षर घुसवलं की मोशेचा 'मनश्शे' होतो. पण प्रामाणिकपणा बघा, ते अक्षर ओळीत लिहिलं नाही, जरा वर टांगून ठेवलं. आजही छापील हिब्रू बायबलात ते तसंच टांगलेलं आहे. वडिलांनी मला बोट ठेवून दाखवलं होतं.

घाटमाथा, संध्याकाळी ६:००

उशिरा आलो. शिब्बोलेथ कसं कुणी काढलं नाही? एफ्राईम वंशाशी लढाई झाल्यावर इफ्ताहाचे लोक यार्देन नदी ओलांडायच्या उतारावर प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावायचे. एफ्राईमवाला 'सिब्बोलेथ' म्हणाला की संपला. ४२,००० मेले म्हणे. आपल्याकडे 'पाणी' म्हणायला लावलं असतं तर अर्धं राज्य नदीतच राहिलं असतं.

ढ_विद्यार्थी, संध्याकाळी ६:०२

आणि उरलेलं अर्धं त्यावर धागा काढून बसलं असतं.

अश्दोदकर, संध्याकाळी ६:२०

शिब्बोलेथ म्हणजे कणीस. आमच्या स्वयंपाकघरात ओट्सच्या पुड्यावर लिहिलंय 'शिबोलेत शुआल', म्हणजे कोल्ह्याचं कणीस. शमशोनाने ३०० कोल्ह्यांच्या शेपट्यांना मशाली बांधून पलिष्ट्यांची उभी पिकं जाळली होती. म्हणजे कोल्हा, कणीस आणि पलिष्टी गाव, तिन्ही रोज सकाळी माझ्या वाटीत असतं.

संपादक, संध्याकाळी ७:१०

आजच्या राजकारणाशी तुलना करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया इ.स.पू. मध्येच राहा.

मूस, रात्री ८:५५

मी कारागीर. तीन पिढ्या सोनारकाम. धाग्यावर सगळे विद्वान आहेत, मी फक्त सोन्याबद्दल बोलतो.

शेकेल साधारण ११.४ ग्रॅमचा धरतात. १७०० शेकेल म्हणजे १९ किलोच्या वर. एफोद हा याजकाचा अंगावर घालायचा पोशाख, असं वाचलं. १९ किलो सोनं अंगावर घालून कोण उभा राहील? म्हणजे ती वस्तू ठेवायचीच होती, घालायची नव्हती. आणि ठेवलेल्या सोन्यापुढे माणूस हात जोडतोच, मी दुकानात रोज बघतो.

दुसरं. गिदोनाने चादर अंथरली आणि प्रत्येकाने आपल्या लुटीतली एकेक बाळी टाकली, असं लिहिलंय. आमच्याकडे मोडीला आलेला डाग आधी मालकासमोर वजन करतो, मग मुशीत टाकतो, वर सवागी (टाकणखार). लाल झालं की पाण्यासारखं होतं आणि मळी बाजूला सरते. त्यानंतर कुणी म्हणालं की माझी बाळी वेगळी काढून द्या, तर ते होत नाही. एका बाई अशाच आल्या होत्या, आईची कुडी मोडीत घातली आणि तासाभरात रडत परत. मी मुशीत बघायला लावलं. त्या बघत राहिल्या, बोलल्या नाहीत.

तर माझं म्हणणं, गिदोनाने राज्य नको म्हटलं, पण प्रत्येकाची एक बाळी घेतली. राजाला कर देतात तो लोक विसरतात. ही बाळी कुणी विसरणार नव्हतं, कारण त्या एफोदमध्ये प्रत्येकाचा थोडा वाटा होता. लोक अफ्र्याला देवापेक्षा आपली बाळी बघायला जात असतील.

मोशेच्या भावाचं, अहरोनाचं सोन्याचं वासरूही कानातल्यांचंच होतं ना?

नगरी_जॉन, रात्री ९:२०

होय मूसभाऊ, निर्गम ३२. 'तुमच्या बायकामुलांच्या कानांतली काढून आणा.' मला हे दोन कधी जोडून दिसले नव्हते.

नीलकांती, रात्री ९:३४

आणि राज्य नको म्हणणाऱ्याने दासीच्या मुलाचं नाव काय ठेवलं? अबीमलेख, म्हणजे 'माझा बाप राजा'. तोच पुढे ७० भावांना एका दगडावर मारतो, तेही बाल-बरीथच्या देवळातून मिळालेल्या ७० रुप्यांवर भाडोत्री गुंड घेऊन. माणशी एक रुपया पडला. तेबेसला बुरुज जाळायला गेला तर एका बाईने वरून जात्याची वरची तळी डोक्यात टाकली. हा मरता मरता शिपायाला म्हणतो, मला भोसक, नाहीतर बाईने मारलं म्हणतील. आणि आपण तीन हजार वर्षांनी तेच म्हणतोय. :)

तर्कटी, रात्री १०:०५

मूस यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. गिदोनाने तो एफोद श्रद्धेने केला असेल, देवाचा कौल घ्यायला. युद्धाआधी देव त्याच्याशी थेट बोलत होता, नंतर एकदाही बोललेला दिसत नाही. माणूस गप्प बसलेल्या देवाची जागा भरायला काहीतरी घडवतो. हे मी नास्तिक असूनही समजू शकतो.

खडूफळा, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. दिवसभर वाचत होतो, मध्ये बोललो नाही.

परत ६वा आणि ८वा अध्याय काढला. वेदी पाडली त्या सकाळी गाव गिदोनाला मारायला दारात आलं, तेव्हा त्याला वाचवलं कुणी? योवाशने. ज्याची वेदी होती त्यानेच. म्हणाला, बाल देव असेल तर त्याचं भांडण त्याला भांडू द्या. आणि ८व्याच्या शेवटी गिदोन चांगला म्हातारा होऊन मरतो, तर त्याला पुरतात अफ्र्यात, बापाच्याच थडग्यात. म्हणजे वेदी, एफोद आणि दोघांची हाडं, सगळं एकाच गावात. हे मी पहिल्यांदा वाचताना 'पुरला' एवढंच वाचून पुढे गेलो होतो.

उद्या शेजाऱ्यांना पुस्तक परत करायचंय, पण शमशोन राहिलाय. एक आठवडा वाढवून मागतो.

अश्दोदकर, रात्री ११:४४

शमशोनाचा धागा काढा. मी पलिष्ट्यांच्या बाजूने बसतो.